मदत हवी आहे: काउंटर आणि वेबसाइटचा स्टॉक जुळत नाही

वाशीच्या मसाला मार्केटमधला गाळा. काउंटरचं बिलिंग वेगळं, वेबसाइट वेगळी. स्टॉकची फाइल बिलिंगमधून वेबसाइटला दर 30 मिनिटांनी जाते. काजू बिलिंगमध्ये किलोवर, वेबसाइटवर 250 ग्रॅमच्या पाकिटावर. 10 किलो म्हणजे 40 पाकिटं. काउंटरवर 2 किलो सुटे गेले की खरी उरतात 32, वेबसाइट मात्र पुढच्या फाइलपर्यंत 40च दाखवते. मग ऑर्डर रद्द, रिफंड, वर पेमेंट गेटवेचं (ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवेचं) कमिशन बहुतेक वेळा बुडतंच.

फाइल 5 मिनिटांवर आणणं ही नुसती मलमपट्टी. प्रत्येक बिलावर वेबहुक (बिल झालं की लगेच वेबसाइटला आपोआप जाणारा संदेश) लावावा, की पाकिटांचा स्टॉक वेगळ्या गोडाऊनच्या नावावर बाजूला काढावा? दुसरं सोपं, पण दिवाळीच्या गर्दीत पोरं त्याच पाकिटांना हात घालतात. आणि वेबहुक लावलाच, तर नेट गेल्यावर अडकलेलं बिल पुन्हा पाठवताना स्टॉकमधून दोनदा वजा होऊ नये म्हणून बिल नंबरची तपासणी कुठे ठेवता?