सॅटेलाइट फोनच्या आधी टॉवरला डिझेल द्या

पूर-वादळात मोबाइल बंद पडतात, त्यावर कुणीतरी लिहिलंय की प्रत्येक तहसीलदाराला सॅटेलाइट फोन दिला की प्रश्न सुटेल. द्यावाच, पण त्यावर प्रशासन आपापसात बोलेल. पोटमाळ्यावर अडकलेल्या माणसाचं काय?

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा माझी मावशी बाजारपेठेजवळ पहिल्या मजल्यावर होती. सकाळी एकदा बोलणं झालं, "जिन्याच्या सहाव्या पायरीला पाणी लागलंय," एवढंच ऐकू आलं. पुढे दीड दिवस फोन लागला नाही. तिच्या फोनला चार्जिंग होतं, रेंज नव्हती.

वीज गेली की मोबाइल टॉवर आधी बॅटरीवर, मग जनरेटरवर चालतो. जनरेटर जमिनीलगत असेल तर तो बुडतो. उंचावर असला तरी रस्ता बंद म्हणून डिझेल पोचत नाही. रस्त्यावर पडलेली झाडं तोडणारं बांधकाम खातं, वीज जोडणारं महावितरण आणि टॉवरवाले यांना एकमेकांच्या कामांची यादी ठाऊक हवी. आधी कुठला रस्ता मोकळा करायचा, कुठला फीडर (वीजवाहिनी) आधी चालू करायचा, हे जिल्हा नियंत्रण कक्षात पावसाळ्याआधीच ठरलेलं असावं.

दुसरं म्हणजे इंट्रा सर्कल रोमिंग. आपल्या कंपनीचा टॉवर बंद पडला तर जो चालू असेल त्यावरून फोन लागतो. २०२४ मध्ये दाना वादळाच्या वेळी ओडिशात दूरसंचार विभागाने ही सोय दिली होती. कोकणात रेड अलर्ट लागला की त्याच क्षणी ती सुरू व्हायला हवी, जिल्ह्याने पत्र पाठवायची वाट कशाला बघायची?