टायटल्स करण्याआधी नेटवर काय बघता? – अनुभव धागा

मंडळी, पुण्यात लघुपट, वेबसिरीज, छोटे चित्रपट करणारे आता गल्लोगल्ली भेटतात. टायटल्सचं, म्हणजे सुरुवातीला पडद्यावर येणाऱ्या नावांचं काम मात्र अगदी शेवटी, घाईत हातात येतं. मग शोधाशोध सुरू होते आणि पिंटरेस्ट सगळ्यांसमोर तीच ती चित्रं आणून ठेवतं. तुम्ही कुठे शोधता, बघितलेल्यातलं कामात काय उतरलं, ते सविस्तर लिहा. नुसत्या लिंका नकोत. सुरुवात मी करते.

माझा मुक्काम 'आर्ट ऑफ द टायटल' या वेबसाइटवर असतो. तिथे टायटल्स तर आहेतच, पण करणाऱ्यांच्या मुलाखती हा खरा ऐवज. डिझायनर काइल कूपरने केलेली 'सेव्हन' या चित्रपटाची (१९९५) टायटल्स घ्या. खुन्याच्या वह्या, ब्लेड, पानं शिवणारी सुई, ओरखडून काढलेली अक्षरं. खुनी चित्रपटात फार उशिरा समोर येतो, पण त्याची बोटं आपण सुरुवातीलाच पाहिलेली असतात. तेव्हापासून नवं काम आलं की फाँट आणि रंग मी बाजूला ठेवते. प्रेक्षकाला अजून न भेटलेलं असं काय इथे दाखवता येईल, हे दिग्दर्शकाला आधी विचारते.

कर्वेनगरचा संकलक:
ताई, प्रश्न अगदी मोक्याचा. मी एकच सिक्वेन्स घेऊन बसतो. एकदा आवाज बंद करून, एकदा डोळे मिटून, मग फ्रेमगणिक. डिझायनर सॉल बासने केलेली 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट' या चित्रपटाची (१९५९) टायटल्स अशीच पाहिली. हिरव्या पडद्यावर तिरप्या रेघा येतात, नावं त्या रेघांवरून सरकतात आणि बघता बघता त्या रेघांची काचेची इमारत होते. नाव कुठून आलं, किती फ्रेम थांबलं, कुठे गेलं, हे वहीत लिहून काढलं की लय हाताला लागते.

शिरोरेखा:
हे सगळं रोमन अक्षरांपुरतं ठीक. आपली खरी कसोटी देवनागरीत आहे. इंग्रजीसाठी केलेलं, एकेक अक्षर आणणारं टेम्पलेट 'दिग्दर्शन' या शब्दाला लावून बघा. वेलांटी एकीकडे, रफार दुसरीकडे तरंगतो, अंतर वाढवलं की शिरोरेघ तुटते. मी शब्द इलस्ट्रेटर या सॉफ्टवेअरमध्ये नीट जुळवून त्याच्या आउटलाइन करते, म्हणजे अक्षरांचे आकार बनवते, आणि शिरोरेघ वेगळ्या लेयरवर ठेवते. आधी रेघ डावीकडून उजवीकडे धावते, मग अक्षरं तिच्याखाली दोरीवरच्या कपड्यांसारखी लटकत उतरतात. रफार, मात्रा सगळ्यात शेवटी, वरून. ही हालचाल लिपीतूनच येते, म्हणून डोळ्याला खुपत नाही.

प्रेरणेसाठी मी कमल शेडगे यांनी काढलेली नाटकांची नावं शोधून साठवते. नाटकाचा स्वभाव त्यांनी नुसत्या अक्षराच्या वळणात आणलाय. ती स्थिर आहेत, म्हणूनच कामाची. ती हलली तर कशी हलतील, हे आपल्याला ठरवावं लागतं. मराठी टायटल्सचा अभ्यास करणाऱ्याने परदेशी सिक्वेन्सच्या आधी हे बघावं, असं माझं ठाम मत आहे.

लॉ कॉलेज रोड:
शिरोरेखाताईंना पूर्ण अनुमोदन. जुन्या भारतीय चित्रपटांसाठी 'इंडियनसिने.मा' ही वेबसाइट बघा. अख्खा चित्रपट तिथे फ्रेमच्या पट्टीसारखा पसरलेला दिसतो, त्यामुळे टायटल्स कुठे सुरू, कुठे संपली हे एका नजरेत कळतं. आणि प्रभात फिल्म कंपनीचं बोधचिन्ह जरूर पाहा. तुतारी फुंकणारी ती आकृती एकही अक्षर न वाचता सांगते की आता काहीतरी सुरू होतंय. प्रभात १९३३ साली कोल्हापूरहून पुण्यात आली, आज त्याच आवारात एफटीआयआय ही चित्रपट शिक्षणाची संस्था आहे. जवळच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. तिथल्या संग्रहात पोस्टरं आणि गाण्यांच्या पुस्तिका आहेत, हातानं काढलेल्या अक्षरांचा तो मोठा साठा. नेटवर दिसतं त्यावर थांबू नका.

सिंहगड रोडवरून:
थोडं वेगळं लिहितो. दिग्दर्शक लिंक पाठवून 'असंच पाहिजे' म्हणाला की मी विचारतो, यात काय आवडलं? बहुतेकदा उत्तर संगीत असतं. मग मी चित्रं शोधत बसत नाही, संगीतकाराला फोन लावतो आणि टायटल्सचा ट्रॅक, कच्चा का असेना, आधी मागवून घेतो.

धागाकर्ती:
हे फारच उपयोगी. शिरोरेखा, शिरोरेघ वेगळी काढल्यावर 'श्र' आणि 'ध'सारखी अक्षरं कशी सांभाळता? 'ध'वर तर रेघ मध्येच सुटते. जमलं तर लेयरचा स्क्रीनशॉट टाका.