घरी खोललेल्या, जुळलेल्या आणि सोडून दिलेल्या वस्तू : कोल्हापूरकरांचे अनुभव

माळ्यावरचा टेप, काळा पडलेला टीव्ही, लॅपटॉपची मेलेली बॅटरी. घरच्या घरी खोलून काय चालू केलंत, कशाचं दुसरंच काय केलंत, ते लिहा. 'दुकानात दिलं, झालं' नको. बिघाड कसा ओळखला तेवढं नक्की सांगा.

माझ्यापासून सुरुवात (राजारामपुरी). टीव्हीचा आवाज येत होता, चित्र नाही. खोलीत अंधार करून पडद्याला चिकटून टॉर्च मारला तर आत माणसं पुसट हलताना दिसली. म्हणजे पॅनेल ठीक, मागच्या एलईडी पट्ट्या गेल्या. दिवे एका माळेत असतात, एक उडाला की सगळे विझतात. पूर्ण संच बदलला, कारण उरलेले दिवेही तेवढेच म्हातारे. खरं कसब पॅनेल न तडकता उचलण्यात. दोघं लागतात, आणि दुसरा चेष्टेखोर नको.

शुक्रवार पेठ
आमचं शिक्षण पुरानं केलं. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, आणि २०२१ च्या जुलैत परत. पाणी उतरलं की गल्लीत एकच घाई, 'लावून बघू, चालतंय का!' निम्म्या वस्तू तिथंच जातात. आत ओला गाळ, वीज दिली की शॉर्ट.

मी मिक्सर, टेबलफॅन, पाण्याची मोटर सगळं आधी खोललं आणि नळाच्या पाण्यानं धुतलं. शेजारचे काका म्हणाले, "अजून भिजवतोस व्हय?" पण गाळ वाळून बसला तर निघत नाही. मग वाळवणं. त्या दिवसांत ऊन कुठलं, म्हणून खोक्यात पिवळा बल्ब लावून मोटरी ठेवल्या. ओळखीच्या वायरमनचा मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजायचं यंत्र, आणला. वाइंडिंग आणि बॉडीमधला रोध एक मेगओहमच्या खाली दिसला की मोटर परत खोक्यात. शेवटी सिरीज बोर्ड, म्हणजे वस्तूच्या आधी ओळीत जोडलेला १०० वॅटचा साधा बल्ब. तो फुल्ल पेटला तर आत शॉर्ट, वस्तू वाचली आणि फ्यूजही. हा बोर्ड घरात नसेल तर बाकी हत्यारं नंतर घ्या. वॉशिंग मशीनचं कार्ड (सर्किट बोर्ड) मात्र सोडून दिलं, त्यावरचे तांब्याचे ट्रॅक हिरवे होऊन तुटले होते.

उद्यमनगर
पंखा हळू फिरतोय? आधी कंडेन्सर बदला, बहुतेक घरगुती पंख्यांना २.५ मायक्रोफॅरॅडचा असतो. लगेच रिवाइंडिंगला पळू नका. आमचाच धंदा आहे, तरी सांगतोय.

कळंबा
लॅपटॉपची बॅटरी 'मेली' म्हणजे सगळे सेल मेले असं नसतं. सहा सेलच्या पॅकमध्ये बहुधा दोन-दोनच्या तीन जोड्या असतात. एक जोडी बसली की पॅक बंद. चांगले निघालेले सेल वापरून लोडशेडिंगचा दिवा केला, त्यात संरक्षण असलेलं चार्जिंग मॉड्यूल घातलं. सासूबाईंना देवघरात तोच लागतो. सेल ४.२ व्होल्टच्या वर चार्ज करायचा नाही.

उद्यमनगर
ताई, दोन व्होल्टच्या खाली पडून राहिलेला सेल परत चार्जच करू नका. आणि सेलवर थेट सोल्डरचा डाग द्यायचा नाही, सेलला जोडलेल्या पत्तीवर द्यायचा. आगीशी खेळ आहे तो.

मंगळवार पेठ
वडिलांच्या भजनी मंडळाच्या कॅसेटी होत्या. टेप चालेना, कारण आतला रबरी पट्टा वितळून डांबर झालेला. स्पिरिटनं पुली साफ केली, मापाचा पट्टा घातला, हेड पुसलं. मग लाइन आउटमधून लॅपटॉपवर उतरवलं. पखवाज जरा फाटलाय, वडिलांचा आवाज स्वच्छ आहे. फुटबॉलच्या मॅचचीही एक कॅसेट निघाली, नुसता आरडाओरडा! लई भारी.

कसबा बावडा
जुन्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) टाकू नका. मोठ्या कनेक्टरची हिरवी वायर काळीला जोडली की तो एकटा चालू होतो. पिवळीवर १२ व्होल्ट, लालवर ५. माझा सोल्डरिंगचा धूर ओढणारा पंखा त्यावरच चालतो. डबा मात्र उघडायचा नाही.

राजारामपुरी
डब्याचं निघालंय म्हणून : मायक्रोवेव्ह आणि जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही नवशिक्यानं खोलू नये. प्लग काढल्यावरही मायक्रोवेव्हच्या कपॅसिटरमध्ये दोनेक हजार व्होल्ट उरू शकतात. इथं हौस आवरा.

शाहूपुरी
आजोबांचा वॉल्व्ह रेडिओ. कपॅसिटर बदलले, खरखर गेली, मीडियम वेव्हवर सांगली लागतंय. पण डायलची दोरी तुटलीय, काटा हलत नाही; स्टेशन अंदाजानं शोधतोय. दोरी पुलींवरून कशी गुंडाळतात याचा फोटो कुणाकडे असेल तर टाका. दोरी मिळाली आहे, मासेमारीची.