वाईतला आमचा वाडा: पाडण्याआधी काय काय बघून ठेवावं?

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी. वाईत मधल्या आळीत आमचा दोन चौकी वाडा आहे. हिस्सेदार सात, राहणारे आम्हीच तेवढे. एका बिल्डरचा निरोप आलाय, दिवाळीत सगळे जमले की काय तो निकाल लागेल. आजी सांगायची, इथे बाजीराव मुक्कामाला होता. काका म्हणतो, वाईतल्या प्रत्येक आजीकडे एक बाजीराव असतो! मला बाजीराव नकोय. पण वाड्याला खरंच काही महत्त्व असेल तर ते आधी कळावं. पुढच्या चौकात सुरूच्या आकाराचे खांब आणि महिरपी, माजघरात धान्य साठवायचं बळद, मागच्या सोप्यावर मंगलोरी कौलं. पश्चिमेच्या भिंतीला पोट आलंय. माळ्यावर मोडी कागदांचं एक बोचकं आहे. काय बघू, कुणाला दाखवू?

तळखडा
जुनी घरं मोजणं हाच माझा धंदा, म्हणून जरा लांबण लावते.

मेणवलीचा नाना फडणीसांचा वाडा तुमच्यापासून तीनेक किलोमीटरवर. नानांचा, म्हणून लोक तो बघायला येतात. तुमच्या घराला असं नाव नाही, आणि माझ्या लेखी म्हणूनच ते बघण्यासारखं आहे. बडी मंडळी कशी राहत ते बऱ्यापैकी माहीत आहे. भिक्षुक, सावकार, कारकून कसे राहत ते अशा दोन चौकी घरांतूनच कळतं, आणि तीच भराभर पडताहेत.

आता खांबाच्या बुडाशी बसा. खांब जमिनीत पुरलेला नसेल, दगडी तळखड्यावर नुसता उभा असेल. वर तुळईशी सांधा लाकडात लाकूड अडकवून केलेला. छताचं ओझं हा सांगाडा पेलतो. मधल्या भिंती बहुतेक भरावाच्याच. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा घरात असलेलं कुणी हयात असेल तर नेमकं काय पडलं ते विचारा. भिंत ढासळली पण छत राहिलं असं उत्तर आलं, तर का राहिलं ते तुम्हाला बुडाशी बसल्यावर दिसलेलंच असेल.

वयाचं म्हणाल तर खिळे बघा. हातानं घडवलेला खिळा चौकोनी आणि ओबडधोबड असतो. तारेचा गोल खिळा दिसला की ते काम बरंच नंतरचं. सुटं कौल मिळालं तर उलटं करा, कारखान्याचं नाव उठवलेलं असतं. मंगळूरला बासेल मिशननं कौलांचा कारखाना १८६५ मध्ये काढला, तेव्हा मागचं छप्पर त्याआधीचं नाही. अर्थात शाकारणी बदलते, त्यावरून घराचं वय काढू नका.

पोट आलेल्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा केलाय का? आत भेंडा, म्हणजे मातीची कच्ची वीट असेल तर तेच दुखणं. ओल बाहेर पडायची वाट बुजते, माती आतल्या आत फुगते आणि खांबाचं बूड कुजतं.

माजी वाडेकर
वाचायला छान वाटतं हो. आमचा वाडा पुण्यात, नारायण पेठेत. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, खालचा मजला पाण्यात गेला. उरलेल्या घरात बिऱ्हाडकरू, भाडं चहापाण्यालाही पुरेना, आणि पहाटे संडासापुढे रांग. केळफुलाच्या नक्षीनं पोट भरत नाही. विकला, आणि आई पहिल्यांदा गुडघे न धरता न्हाणीघरात गेली. ताई, महत्त्व जरूर शोधा, पण कौलं परतायचा खर्च सातांपैकी कोण देणार ते आधी कागदावर घ्या.

रुमाल
बोचकं उन्हात टाकू नका, कागद सोडवायच्या भानगडीत पडू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. आहेत त्याच क्रमानं फोटो काढा. मोडी वाचणारे पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात भेटतील. घराण्याला इनाम असेल तर १८५२ च्या कायद्यानंतर इनाम कमिशननं केलेल्या चौकशीचे कागद पुणे पुराभिलेखागारात शोधता येतात. शिवाय सिटी सर्व्हेचा जुना नकाशा आणि प्रॉपर्टी कार्डाचा उतारा काढा. मागचा चौक कधी वाटणीत गेला, कधी परत आला, हे तिथे आजीपेक्षा चोख सापडतं.

कृष्णाकाठची
तळखडाताई, गिलावा सिमेंटचाच निघाला, बाबांनी हौसेनं करून घेतलेला. खिळे पुढच्या चौकात चौकोनी, मागे गोल. कोयनेच्या वेळी आत्या इथे होती. ती म्हणते, न्हाणीची भिंत अंगणात आली, माडीवरचं एक फडताळ उलथलं, बाकी काही नाही. वाडेकरकाका, खर्चाचं मी ग्रुपवर टाकलंय. सातांपैकी दोघांनी अंगठा दाखवलाय. तो हो म्हणून की ठेंगा म्हणून, ते अजून कळायचंय.

तळखडा
म्हणजे पुढचा चौक आधीचा, मागचा नंतर जोडलेला. दोन्हींचे नकाशे वेगळे काढा. गिलावा पावसाळ्याआधी खरवडून घ्या, पण भिंतीला आतून टेकू दिल्याशिवाय हात लावू देऊ नका, गवंडी कितीही घाई करू दे.