मदत हवी आहे: पीडीएममधून कंपाइल केलं तर चालतं, व्हीएस कोडमधून केलं की लेव्हल चेक (आयबीएम आय)

नमस्कार मंडळी,

आयबीएम आयवर (आयबीएमची सर्व्हर सिस्टिम), म्हणजे आपल्या एएस ४०० वर, काम करणाऱ्यांसाठी प्रश्न आहे.

मी पुण्यातून परदेशातल्या एका ग्राहकाच्या मशीनवर आरपीजी या भाषेत काम करतो. इतकी वर्षं पीडीएम (सोर्स आणि ऑब्जेक्ट हाताळायची यादी) आणि एसईयू (जुना एडिटर) वापरलं. पण एसईयूचं व्याकरण ६.१ रिलीजपाशी थांबलेलं आहे. नवा फ्री फॉरमॅट, म्हणजे कॉलमचं बंधन नसलेला आरपीजी, उघडला की बरोबर असलेल्या ओळींवरही चुका दाखवतं. म्हणून आमच्या सहा जणांच्या टीमने व्हीएस कोड हा एडिटर आणि त्यातलं कोड फॉर आयबीएम आय हे एक्स्टेन्शन घ्यायचं ठरवलं. आधी मी वापरून बघायचं आणि मग बाकीच्यांना शिकवायचं असं ठरलंय, त्यामुळे नुसता तात्पुरता उपाय नको, मूळ कारण कळायला हवं.

ऑर्डर नोंदवणारा एक आरपीजीएलई प्रोग्राम आहे. तो ग्राहकांची फाइल वाचतो, फाइल अर्थातच एक्स्टर्नली डिस्क्राइब्ड, म्हणजे फील्डची मांडणी कंपाइलर फाइलमधूनच घेतो. या प्रोजेक्टमध्ये त्या फाइलला एक फील्ड वाढलं. वाढीव फाइल प्रोजेक्टच्या लायब्ररीत आहे, जुनी बेस लायब्ररीत.

हाच सोर्स पीडीएममध्ये १४ टाकून कंपाइल केला तर प्रोग्राम व्यवस्थित चालतो. व्हीएस कोडमधून कंपाइल केला तरी एकही एरर येत नाही. पण तो प्रोग्राम हिरव्या स्क्रीनवरून, म्हणजे टर्मिनलवरून, कॉल केला की फाइल उघडतानाच पडतो. जॉब लॉगमध्ये सीपीएफ ४१३१, लेव्हल चेक, म्हणजे प्रोग्रामला माहीत असलेली रेकॉर्डची मांडणी आणि फाइलची मांडणी जुळत नाही.

दुसऱ्या एका प्रोग्रामात ते नवीन फील्ड वापरलेलं आहे. तो तर व्हीएस कोडमधून कंपाइलच होत नाही, आरएनएफ ७०३० येतो, म्हणजे फील्डचं नावच सापडत नाही. पीडीएममधून तोही होतो.

एका सहकाऱ्याने सुचवलं की फाइलचा लेव्हल चेक बंद करून टाक. मी तयार नाही. लेव्हल चेक बंद केला तर प्रोग्राम जुन्या मांडणीने रेकॉर्ड वाचेल आणि फील्ड मध्ये घातलेलं असेल तर पुढचं सगळं सरकेल. ग्राहकाच्या क्रेडिट लिमिटच्या जागी भलताच आकडा गेला तर ते निस्तरायचं कोणी?

लायब्ररी लिस्टचा (फाइल आणि प्रोग्राम कुठल्या लायब्ररींत, कुठल्या क्रमाने शोधायचे ती यादी) घोळ आहे एवढं कळतंय. पण युजर तोच, मशीन तेच, मग लिस्ट वेगळी का?

प्रतिसाद – नीराकाठ

तुमच्या युजर प्रोफाइलवर इनिशियल प्रोग्राम आहे का? आणि लायब्ररी लिस्ट तोच लावतो का? बहुतेक जुन्या ठिकाणी तसंच असतं.

इनिशियल प्रोग्राम चालतो तो ५२५० वर, म्हणजे हिरव्या स्क्रीनवर, साइन ऑन केल्यावर. व्हीएस कोड एसएसएचवरून जोडतं, तिथे साइन ऑनची स्क्रीनच नाही, त्यामुळे तो प्रोग्रामही चालत नाही. आरडीआय (आयबीएमचं डेव्हलपमेंट टूल) वापरणाऱ्यांनाही हाच अनुभव येतो. तिथे निदान कनेक्शनच्या गुणधर्मांत इनिशियल कमांड देता येते, त्यात तुमचा लिस्ट लावणारा प्रोग्राम कॉल करा की झालं.

कोड फॉर आयबीएम आय प्रत्येक कनेक्शनसाठी स्वतःची यादी ठेवतं. डाव्या बाजूला युजर लायब्ररी लिस्ट उघडा. कंपाइलची प्रत्येक कमांड त्या यादीने चालते. हिरव्या स्क्रीनवर तुम्ही एडिट लिबलमध्ये (लायब्ररी लिस्ट बदलायची कमांड) काय केलंत याचा तिला पत्ता नसतो.

धागाकर्ता

नीराकाठ, मनापासून धन्यवाद. अगदी तसंच निघालं. इनिशियल प्रोग्राम आमची सगळी लिस्ट लावतो आणि व्हीएस कोडच्या यादीत प्रोजेक्टची लायब्ररी नव्हतीच. आता हिरव्या स्क्रीनवर डिस्प्ले लिबल घेऊन युजर भाग जसाच्या तसा, त्याच क्रमाने उतरवला.

पण अजूनही ४१३१ येतोच आहे. दोन्ही याद्या शेजारी ठेवून तीनदा ताडून पाहिल्या.

प्रतिसाद – सह्यवारा

अंदाज बांधत बसू नका, कंपाइलरलाच विचारा. कंपाइल लिस्टिंगमध्ये फाइलची फील्डं जिथे उलगडलेली असतात तिथे एक्स्टर्नल फॉरमॅट अशी ओळ असते आणि तिच्यात लायब्ररीच्या नावासकट फाइल लिहिलेली असते. कंपाइलरने प्रत्यक्षात कुठली फाइल उचलली ते तिथे कळेल. खात्री करायची तर डिस्प्ले प्रोग्राम रेफरन्समधला फॉरमॅट लेव्हल आयडी (रेकॉर्डच्या मांडणीची खूण) आणि फाइलच्या डिस्प्ले एफडीमधला (फाइलचं वर्णन दाखवणारी कमांड) आयडी ताडून बघा.

आणखी एक. तुम्ही युजर भाग ताडलात. करंट लायब्ररी ताडलीत का? शोधाचा क्रम असा असतो: आधी सिस्टिमचा भाग, मग प्रॉडक्ट लायब्ररी असल्यास त्या, मग करंट लायब्ररी आणि सगळ्यात शेवटी युजर भाग. युजर भागात २५० लायब्ररी नीट लावल्यात तरी करंट लायब्ररी त्यांच्या आधी बघितली जाते.

धागाकर्ता

सह्यवारा, सापडलं!

लिस्टिंगमध्ये माझ्या स्वतःच्या लायब्ररीचं नाव होतं. दोन महिन्यांपूर्वी चाचणीसाठी मी ग्राहकांच्या फाइलचं डुप्लिकेट ऑब्जेक्ट तिथे केलं होतं, नवीन फील्ड येण्याच्या आधी. व्हीएस कोडमध्ये करंट लायब्ररी माझी, आणि हिरव्या स्क्रीनवर इनिशियल प्रोग्राम प्रोजेक्टची लायब्ररी करंट करतो. म्हणून पीडीएममध्ये हे कधी दिसलंच नाही.

ती जुनी प्रत काढली, करंट लायब्ररी बदलली, दोन्ही प्रोग्राम पुन्हा कंपाइल केले. चालतात. लेव्हल चेक बंद केला असता तर ही जुनी प्रत तशीच पडून राहिली असती आणि कोणाला कळलंही नसतं.

आता पुढचा भाग. पीडीएममध्ये आमच्यातला प्रत्येक जण एफ ४ दाबून आपापले पर्याय भरतो. ॲक्टिव्हेशन ग्रुप (प्रोग्राम जॉबमधल्या कुठल्या गटात चालतो ते) कोणाचा काय, डीबग व्ह्यू (डीबग करताना सोर्स कसा दिसतो ते) कोणाचा काय. सगळ्यांसाठी एकच कसं करायचं?

प्रतिसाद – नीराकाठ

जे सोर्समध्ये लिहिता येतं ते सोर्समध्येच लिहा. सीटीएल-ऑप्टमध्ये (सोर्सच्या सुरुवातीचं पर्यायांचं विधान) डीएफटीॲक्टजीआरपी स्टार नो, ॲक्टजीआरपी, बाइंडिंग डिरेक्टरी आणि ऑप्शनमध्ये स्टार एसआरसीएसटीएमटी. मग कंपाइल कुठूनही करा, पर्याय तेच लागतात. मात्र ॲक्टिव्हेशन ग्रुपचे दोन्ही कीवर्ड फक्त क्रिएट बाउंड आरपीजीलाच (सोर्समधून थेट प्रोग्राम बनवणारी कमांड) चालतात. तोच सोर्स मॉड्यूल म्हणून कंपाइल केलात तर एरर येईल, म्हणून त्यांच्याभोवती स्लॅश इफ डिफाइन्ड, स्टार सीआरटीबीएनडीआरपीजी अशी अट घाला.

डीबग व्ह्यू आणि टार्गेट रिलीज (ऑब्जेक्ट कुठल्या रिलीजसाठी बनवायचं ते) सोर्समध्ये देता येत नाहीत, ते कमांडमध्येच जातात. ग्राहकाचं प्रॉडक्शन डेव्हलपमेंटच्या मागच्या रिलीजवर असेल तर टार्गेट रिलीज विसरू नका. स्टार करंटने केलेलं ऑब्जेक्ट तिकडे रिस्टोअर होत नाही आणि हे नेमकं डिप्लॉयमेंटच्या रात्री कळतं.

प्रतिसाद – सह्यवारा

आणि ती कमांड प्रत्येकाच्या मशीनवर वेगळी ठेवू नका. सोर्स गिटमध्ये असेल तर प्रोजेक्टच्या व्हीएस कोड फोल्डरमध्ये ॲक्शन्सची, म्हणजे कंपाइलच्या कमांडची, जेसन फाइल ठेवता येते, ती सगळ्यांना सारखीच मिळते. त्या कमांडमध्ये ऑप्शन स्टार इव्हेंटएफ हवाच, नाहीतर एरर एडिटरमध्ये ओळीवर दिसत नाहीत. प्रत्येकाची वेगळी लायब्ररी असेल तर तिचं नाव एन्व्ह फाइलमध्ये टाका आणि ती फाइल गिटमध्ये चढवू नका.

धागाकर्ता

सोर्स अजून सोर्स फिजिकल फाइलमध्येच आहे, गिटची परवानगी ग्राहकाकडे मागितली आहे. तोवर सीटीएल-ऑप्टचं काम आजच सुरू करतो, एकूण ४० प्रोग्राम आहेत.

एक शेवटचं विचारतो. टीममधले दोघं अजून काही महिने पीडीएमवरच राहणार आहेत. त्यांनी एफ १८ मध्ये (पीडीएमचे डीफॉल्ट) ऑब्जेक्ट लायब्ररी स्टार एसआरसीएलआयबी, म्हणजे सोर्सचीच लायब्ररी, ठेवली आहे, माझी ॲक्शन करंट लायब्ररीत ऑब्जेक्ट बनवते. एकाच प्रोग्रामच्या दोन प्रती दोन लायब्ररींत होण्याची मला भीती वाटते. कोणी अशा मिश्र टीममध्ये काम केलं असेल तर काय ठरवलं होतंत, ते सांगा.