मदत हवी आहे: मेसनिक (फ्रीमेसन या बंधुसंघाच्या) पदकावरच्या खुणा कशा वाचायच्या?

नाशिकच्या सराफ बाजारात मोडीच्या चांदीत एक जुनं पदक आलंय. रुंदी ४ सेंमी, वजन २८ ग्रॅम. वर काटकोन, त्याला लोंबणाऱ्या पत्र्यावर तीन चौकोनांची आकृती. आकाशी फीत पार विरलीय. मागे जहाजाचा नांगर, चालता सिंह आणि एक अक्षर असे बारीक ठसे. झाक सोनेरी, मात्र खाचांत काळं पडलंय. पदक कशाचं, किती जुनं, आणि घासून घ्यावं का? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १

घासू नका, आणि कसोटीवर तर अजिबात ओढू देऊ नका. सिंहाचा ठसा इंग्लंडमधल्या ९२.५ टक्के चांदीचा, म्हणजे झाक नुसता मुलामा. कसोटीवर तोच आधी जाईल.

तो काटकोन म्हणजे गुण्या. मेसन म्हणजे गवंडी, म्हणून लॉजमधल्या (मेसनांच्या शाखेतल्या) पदांची चिन्हंही गवंड्याच्या थैलीतली: गुण्या वर्शिपफुल मास्टरचा, म्हणजे लॉजच्या प्रमुखाचा, पाणसळ त्याखालच्या सीनियर वॉर्डनची, ओळंबा ज्युनियर वॉर्डनचा. पत्र्यावरची आकृती युक्लिडच्या पहिल्या खंडातलं ४७वं प्रमेय, शाळेत आपण पायथागोरसचं म्हणून शिकतो तेच. गुण्याला हे प्रमेय लोंबत असेल तर ते इंग्लिश पद्धतीच्या लॉजमधल्या माजी मास्टरचं पदक. स्कॉटिश पद्धतीत त्याजागी कंपास, गुण्या, वर्तुळाचा कंस आणि सूर्य येतो. मुंबई इलाख्यात दोन्ही पद्धतींची लॉजं होती, म्हणून हा फरक आधी बघायचा.

नांगर हा चांदी तपासणाऱ्या बर्मिंगहॅमच्या कचेरीचा ठसा, लंडनचा असता तर बिबट्याचं तोंड दिसलं असतं. अक्षर वर्ष सांगतं, पण तेच अक्षर साधारण २५ वर्षांनी परत येतं. त्यामुळे अक्षराचं वळण आणि भोवतीच्या चौकटीचा आकार दोन्ही भिंगातून टिपून मग तक्त्याशी ताडा. कोरलेल्या मजकुरात ‘ए. एल. ५९२१’ असं काही असेल तर ते मेसनांच्या कालगणनेतलं वर्ष, त्यातून ४००० वजा करा: १९२१.

पत्र्यावरही ठसा शोधा. तिथलं वर्षाक्षर वेगळं निघालं तर दोन पदकांचे भाग जोडलेले असू शकतात, आणि किंमत तिथेच पडते.

प्रतिसाद २

काळं म्हणजे सिल्व्हर सल्फाइड. टूथपेस्ट किंवा चिंच लावली की मुलामा आधी उंच कडांवरून जातो आणि कोरीव रेघा बोथट होतात. मऊ सुती कापडानं कोरडं पुसा, बस. फीत धुवू नका, रंग उतरतो. रबर बँडमधलं गंधक चांदी काळवंडतं, पीव्हीसीचं पाकीटही घातक. आम्लरहित कागदात गुंडाळून सिलिका जेलसह डब्यात ठेवा. पावसाळ्यात जेल वरचेवर बदला.

परदेशी गिऱ्हाईक आलं तर आधी वय पक्कं करा. १९७२च्या कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही.

मूळ प्रश्नकर्ता

पत्र्यावर नुसता सिंह आहे, अक्षर नाही.

प्रतिसाद १

चालेल. लहान सुट्या भागांवर बहुधा तेवढाच मारतात. आता कडीचा डाग, म्हणजे जोड, बघा: कथलाचा राखाडी ओघळ दिसला तर ती कडी नंतर बसवलेली.