मदत हवी आहे : ऊसतोड मजुराच्या जामीन अर्जात 'फरार होईल' हा आक्षेप कसा खोडावा?

नमस्कार. मी एका तालुका न्यायालयात विधी सेवेच्या वतीने आरोपींची बाजू मांडते. माझे सध्याचे पक्षकार बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर असून दुचाकीचोरीच्या आरोपाखाली न्यायालयीन कोठडीत आहेत. गाडी जप्त झाली आहे आणि साक्षीदारांवर दबाव येईल हा मुद्दा सरकारी वकिलांनीही फारसा ताणलेला नाही. त्यांचा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे : आरोपीला स्थानिक पत्ता नाही, सबब तो फरार होईल.

पत्ता नाही हे एका अर्थी खरेच आहे. इथे त्यांचे घर म्हणजे कारखान्याच्या तळावरची कोपी (तात्पुरती झोपडी), आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की तीही मोडली जाईल. शिवाय तीन वर्षांपूर्वीच्या मारामारीच्या प्रकरणाचा रोजनामा (न्यायालयातील तारीखवार कामकाजाची नोंद) विरोधात जोडला आहे. त्यात 'आरोपी गैरहजर, वॉरंट काढावे' अशी नोंद आहे. पण पुढच्याच पानावर, तोड संपल्यानंतरच्या तारखेला, 'आरोपी स्वतःहून हजर, वॉरंट रद्द' असेही लिहिलेले आहे. ते दुसरे पान अर्थातच जोडलेले नाही.

हुसैनआरा खातून प्रकरणात (१९७९) सर्वोच्च न्यायालयाने आरोपीची समाजातील मुळे तपासायला सांगितले : वास्तव्याचा काळ, रोजगार, कौटुंबिक संबंध, पूर्वी जामिनावर असतानाचे वर्तन, त्याच्याविषयी खात्री देणारी जबाबदार माणसे. मोतीराम प्रकरणात (१९७८) तर एका गवंड्यासाठी त्याच्या भावाने देऊ केलेला जामीन केवळ भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून नाकारला गेला होता, आणि न्यायालयाने त्यावर कडक ताशेरे ओढले. हे दोन्ही निवाडे मी अर्जात घेतले आहेत. माझी अडचण त्यापुढची आहे. दरवर्षी सहा महिने बाहेर राहणाऱ्या माणसाची मुळे कोणत्या कागदाने दाखवायची? शिधापत्रिका, गावच्या शाळेतील मुलीचा दाखला आणि ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला एवढे हाती आहे. याच्या जोरावर जातमुचलक्यावर (जामीनदाराशिवाय, स्वतःच्या हमीपत्रावर) सुटका मिळावी, किंवा निदान गावाकडच्या सातबाऱ्यावर भावाला जामीनदार म्हणून स्वीकारावे, अशी माझी मागणी आहे.

मजुरांची टोळी आणणारा मुकादम जामीन राहायला तयार आहे. उचल (हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम) फिटेपर्यंत हा माणूस कुठेही जाणार नाही, असे तो छातीठोकपणे सांगतो, आणि जोखमीचा विचार करता ते बहुधा खरेही आहे. पण त्याच्याच शब्दावर सुटका झाली, तर उचलीच्या बोज्यावर जामिनाचाही बोजा चढेल. म्हणून पक्षकाराची पत्नी त्याला राजी नाही आणि मलाही ते पटत नाही.

हंगामी स्थलांतर हे पळून जाणे नव्हे, हे कोणी रोजनाम्याच्या आधारे न्यायालयाला पटवून दिले आहे का? हंगाम संपल्यावर गावाजवळच्या पोलीस ठाण्यात हजेरी लावण्याची अट आपणहून सुचवावी, की त्याने आक्षेपालाच बळ मिळेल? सुनावणी येत्या गुरुवारी आहे, त्यामुळे त्याआधी उत्तर मिळाल्यास आभारी राहीन.